आपल्याच घराकडे लांबून पाहताना

भारतातल्या एखाद्या शहरी किंवा ग्रामीण घराची बाजारातली पायरी ठरवायची असेल तर फार चौकशी करावी लागत नाही. घराचा खर्च मुख्यतः ज्याच्या कमाईवर चालतो त्या माणसाचे शिक्षण किती, आणि ठरवून दिलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत, एवढे दोन प्रश्न पुरतात. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन अशी ही यादी आहे. शिक्षणाचा रकाना आणि वस्तूंचा आकडा जिथे एकमेकांना छेदतात तिथे एक अक्षर आणि एक अंक सापडतो. ए-१ पासून ई-३ पर्यंत अशा बारा पायऱ्या आहेत. मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया आणि मीडिया रिसर्च युजर्स कौन्सिल या दोन संस्थांनी २०११ साली हा तक्ता आणला. धंद्याच्या भाषेत त्याला ‘एसईसी’ म्हणतात.

यादीतली शेवटची वस्तू पुन्हा वाचण्यासारखी आहे. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या रांगेत शेतजमीन बसवली आहे, आणि ती आहे की नाही एवढेच विचारले जाते. माणच्या दुष्काळी पट्ट्यातले दोन एकर जिरायत आणि कृष्णाकाठचा वीस एकर ऊस या तक्त्यात सारखेच, म्हणजे प्रत्येकी एक खूण.

मार्केटिंग कम्युनिकेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलामुलींची या तक्त्याशी गाठ बहुधा पहिल्या वर्षातच पडते. मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तो सर्वांत आधी आपल्या घरासाठी भरून पाहिला होता. शेजारच्या बाकावरच्याला दाखवला मात्र कोणी नव्हता. मी स्वतः अशा वर्गात कधी बसलेलो नाही. छापखान्यात मुद्रितशोधन करताना जाहिरातींची मराठी डोळ्यांखालून जात असे, ती अशी का असते या कुतूहलातून हा नाद लागला, आणि गेली काही वर्षे पुण्यामुंबईकडे हे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांशी जमेल तेव्हा बोलत आलो आहे. त्या बोलण्यातून आणि वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

हा अभ्यासक्रम नेमका कशाचा, हे त्यात शिकणाऱ्यांच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. ‘जाहिरातीचं काहीतरी करतोय’ हे ठरलेले उत्तर. व्यवस्थापनाचा सर्वसाधारण एमबीए वेगळा, पत्रकारिता वेगळी, आणि उपयोजित कला शिकवणारे कलामहाविद्यालय तर अगदीच वेगळे. या तिन्हींच्या मधल्या जागेत हा विषय उभा आहे. कंपनी आपल्या गिऱ्हाइकाशी ज्या ज्या वाटेने बोलते, म्हणजे जाहिरात, दुकानातली सूट, जनसंपर्क, प्रायोजित कार्यक्रम, आता मोबाइलवरचा मजकूर, त्या सगळ्या वाटा एकत्र बांधून एकच गोष्ट सांगायला शिकवणे हे त्याचे काम.

‘एकत्र बांधून’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतला. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी, इव्हान्स्टन गावात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. वॉल्टर डिल स्कॉट हे मानसशास्त्रज्ञ तिथलेच. जाहिरातीचा विचार मानसशास्त्राच्या अंगाने करणारे त्यांचे पहिले पुस्तक १९०३ सालचे आहे, आणि पुढे ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्या विद्यापीठाच्या मेडिल या पत्रकारिता विभागात जाहिरातीचे शिक्षण होतेच. पण १९८०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांचा पैसा नुसत्या जाहिरातींतून निघून सवलती, कुपने, घरपोच टपाल यांकडे वळू लागला. जाहिरातसंस्था एक बोलत होती, सवलतीवाले दुसरेच, जनसंपर्कवाले तिसरेच. डॉन शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोंधळावर उपाय म्हणून ‘इंटिग्रेटेड मार्केटिंग कम्युनिकेशन्स’ हा विचार मांडला, त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला, आणि १९९३ साली शुल्ट्झ, टॅननबॉम व लॉटरबॉर्न या तिघांचे त्याच नावाचे पुस्तक आले. त्यातले मुख्य सूत्र असे, की काय विकायचे आहे तिथून सुरुवात करू नका, घेणारा कोण आहे तिथून करा. २०११ मध्ये पत्रकारितेच्या त्या जुन्या विभागाच्या नावातच हा विषय जोडला गेला, तेव्हा तिथे बरीच नाराजी उमटली. बातमी आणि विक्री एका पाटीवर लिहायची का, हा वाद आपल्याकडे पाटी न बदलताच मिटलेला आहे, असो.

आपल्याकडे जाहिरातीचा धंदा जुना. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम ही भारतातली पहिली जाहिरातसंस्था मानली जाते. शिक्षण मात्र हाताखाली राहूनच होई. मुंबईत धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात १९६९ साली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स सुरू झाली, तिथल्या पदविकेतून या धंद्यात गेलेले लोक पुष्कळ आहेत. पुण्यात १९९० साली सिंबायोसिसची संज्ञापन शिक्षणाची संस्था निघाली, ती आता लवळ्याच्या टेकडीवर आहे. आणि १९९१ साली अहमदाबादजवळच्या शेला गावात ‘मुद्रा’ जाहिरातसंस्थेचे संस्थापक ए. जी. कृष्णमूर्ती यांनी मायका ही संस्था काढली. ‘मुद्रा’ची सुरुवात १९८०ची, रिलायन्सच्या ‘विमल’ कापडाच्या जाहिरातींवर वाढलेली. १९९१ हे आर्थिक उदारीकरणाचे साल, हा योगायोगच म्हणायचा. पण पुढच्या दहा वर्षांत जे परदेशी ब्रँड आले त्यांना लागणारी माणसे अशा संस्थांतून तयार होत गेली.

आता तिथल्या दिवसांविषयी. संस्था निवासी, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, मुले देशभरातून आलेली. अभियांत्रिकी केलेले पुष्कळ, वाणिज्यवाले तितकेच, साहित्य किंवा मानसशास्त्र घेतलेले थोडे. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, आणि खरे काम रात्री. जवळजवळ सगळे काम गटात चालते. पाच-सहा जणांचा गट, एक ‘ब्रीफ’, आणि त्यावर एक ‘डेक’. ब्रीफ म्हणजे ग्राहक कंपनीने दिलेले काम एका-दोन पानांत: वस्तू कोणती, अडचण काय, कोणाशी बोलायचे, बोलल्यावर त्याने काय करावे. डेक म्हणजे त्याचे उत्तर, सरकत्या पानांवर मांडलेले. कधी ब्रीफ काल्पनिक असते, कधी एखादी खरी कंपनी येऊन देते, आणि मग तिच्या माणसांसमोर उभे राहून ‘पिच’ करावी लागते. वीस मिनिटे बोलायचे आणि दहा मिनिटे धुलाई सहन करायची.

गटातली कामाची वाटणी पाहण्यासारखी असते. ज्याला आकडे येतात तो तक्ते भरतो. ज्याची इंग्रजी सफाईदार तो सादर करतो. मांडणी सुबक करणारा कोणी एक असतोच. छोट्या गावातून मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिले सहा महिने बहुधा माहिती गोळा करण्याच्या कामावर असतो. हे कोणी दुष्टपणे ठरवत नाही. पहाटे दोन वाजता काम संपवायचे असले की ज्याला जे पटकन येते ते त्याच्याकडे जाते, एवढेच. पण दोन वर्षे रोज असेच होत राहिले, की आपल्याला काय येते याविषयीची त्याची स्वतःची समजूतही त्याच साच्यात घट्ट होते. ‘माझा आवाजच वर्गात वेगळा लागायचा,’ असे एकाने मला सांगितले. आज तो चांगल्या नोकरीत आहे आणि माझ्याशी अर्धे इंग्रजीत बोलतो.

या शिक्षणात घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याची टर उडवणाऱ्यांना ते ठाऊक नसते. दहा ओळींचे म्हणणे एका ओळीत आणायला तिथे शिकवतात. आपल्या आवडीनिवडी म्हणजे जगाच्या आवडीनिवडी नव्हेत हे डोक्यात पक्के बसवतात. मोजल्याशिवाय बोलू नका, हेही. ‘हजारी खर्च’ ही साधी कल्पना घ्या. समजा, एखाद्या अंकाच्या पानाचा दर दहा हजार रुपये आणि वाचक वीस हजार, तर हजार वाचकांपर्यंत पोचायला पाचशे रुपये पडले. हाच हिशेब रस्त्यावरच्या फलकाला, टीव्हीच्या दहा सेकंदांना, मोबाइलवरच्या पट्टीला लावायचा आणि तुलना करायची. तुमच्या हातातला हा अंकही कोणाच्या तरी तक्त्यात असा एक आकडा होऊन बसलेला आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला तेव्हापासून जाहिरातींच्या पानांवाचून दिवाळी अंकाचा संसार चाललेला नाही. पण वाचकसंख्या मोजण्याची रूढ रीत अशी, की मासिक असेल तर गेल्या महिन्याभरात आणि दैनिक असेल तर काल तुम्ही ते वाचले का, असे विचारायचे. वर्षातून एकदा निघणारा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत वाचनालयातून घरोघर फिरणारा अंक या मापात नीट मावत नाही. मोजपट्टी जिच्यासाठी घडवली ती वस्तू तिच्यात दिसते, बाकीच्या वस्तू असून नसल्यासारख्या होतात.

मोजपट्ट्याही बदलतात, पण सावकाश. २०११च्या आधीच्या, १९८०च्या दशकातल्या शहरी तक्त्यात मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि व्यवसाय पाहत, आणि गावासाठी शिक्षण व घर कच्चे की पक्के हे पाहत. नव्या तक्त्याने व्यवसाय काढून वस्तू आणल्या. दोन्हींत घरातल्या बाईच्या शिक्षणाला, ती मुख्य कमावती असल्याखेरीज, जागा नव्हती. साबण, तेल, मसाले, बिस्किटे कोणती घ्यायची हे ती ठरवते असे याच वर्गांत शिकवत, आणि घराची पायरी मात्र तिला न विचारता ठरत असे. अलीकडे जे नवे वर्गीकरण आले आहे त्यात वस्तू वगळल्या आहेत. मुख्य कमावत्याचा व्यवसाय, घरातल्या सर्वाधिक शिकलेल्या पुरुषाचे शिक्षण आणि सर्वाधिक शिकलेल्या स्त्रीचे शिक्षण असे तीन प्रश्न त्यात आहेत. नाशिककडची एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘आमच्या घराची पायरी आता माझ्यामुळे वर जाईल, बाबांच्या नोकरीमुळे नाही.’ तिला त्याचे हसू येत होते.

तक्त्यातल्या घराला प्रत्यक्ष भेटायचाही एक पाठ असतो. मुलांना काही दिवस गावांत नेतात, तिथे राहून लोकांशी बोलायला सांगतात. अशा एका गटात नांदेडकडचा एक मुलगा होता. प्रश्नावलीत विचारले होते, शाम्पूची पुडी किती वेळा वापरता? रोज, आठवड्यातून दोन-तीनदा, आठवड्यातून एकदा, की त्याहून कमी. समोरची बाई म्हणाली, ‘न्हायच्या दिवशी.’ गटाने ‘आठवड्यातून एकदा’ वर खूण केली. या मुलाला ते खटकले. त्याने आपल्या बोलीत पुढे विचारले तेव्हा कळले, की न्हायचा दिवस वारावर ठरत नाही. सण आला, लग्नाला जायचे, पाव्हणे यायचे, माहेरी निघायचे, त्याच्या आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी पुडी येते. एरवी शिकेकाई किंवा अंगाचाच साबण. दोन लग्नसराईच्या महिन्यांत आठ पुड्या आणि भर पावसाळ्यात एकही नाही, असेही होते.

हा मोठा शोध होता आणि गटालाही तो कळला. त्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी नीट ऐकले. डेकमध्ये त्याचे झाले ‘प्रसंगाधारित वापर’, तेही इंग्रजीत. हे चूक म्हणता येत नाही. कंपनीला पुड्या कधी जास्त पाठवायच्या हे ठरवायला तेवढे पुरते. पण ‘न्हायचा दिवस’ हा त्या बाईचा शब्द होता, ज्यात अंघोळ आणि न्हाणे वेगळे असते, ज्यात बाहेर पडण्याची तयारी असते, आणि जो जाहिरातीत आला असता तर मराठवाड्यातल्या बाईने मान वर करून पाहिले असते. तो डेकमध्ये नव्हता. परीक्षकांपैकी कोणाला मराठी येत नव्हती, त्यामुळे तो हरवला हेही कोणाच्या लक्षात आले नाही.

माझा मुद्दा इथे येतो. हे शिक्षण विद्यार्थ्याला आपल्याच घराकडे लांबून पाहायला शिकवते. लांबून पाहणे उपयोगी असते. पण जवळून त्याला जे आधीच माहीत आहे, आणि जे विकत घ्यायला कंपन्या संशोधनावर पैसे खर्च करतात, ते ज्ञान आहे हे त्याला कोणी सांगत नाही. गरज पडते तेव्हा त्याला दुभाष्या म्हणून बोलावतात.

भाषेत हे सर्वांत स्वच्छ दिसते. आपल्याकडची मोठ्या कंपन्यांची जाहिरात बहुतेक वेळा इंग्रजीत सुचते, मग हिंदीत उतरते आणि हिंदीतून मराठीत येते. मुद्रितशोधनात या प्रवासाच्या खुणा ओळखू येत. ‘द्या आपल्या मुलांना आत्मविश्वासाची साथ’ अशी क्रियापद पुढे काढलेली वाक्ये, ‘माझी मदत करा’सारखी विभक्ती, वाक्यामागून वाक्यात येणारे ‘कारण की’. याला आपण अनुवादाचे दोष म्हणतो. पण दोष त्याच्याही आधीचा असतो. इंग्रजीतल्या ‘यू’ला माणूस लहान की मोठा, जवळचा की परका, बाई की पुरुष हे सांगावे लागत नाही. हिंदीने ‘आप’ म्हणून वेळ मारून नेता येते. मराठीला आधी ठरवावे लागते. ‘तू’ म्हटले की ‘वापरतोस’ की ‘वापरतेस’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘तुम्ही’ने तो टळतो, पण अंतर पडते. ‘आपण’ म्हटले की वीजबिलाच्या मागची सूचना वाचल्यासारखे वाटते.

ब्रीफमध्ये लिहिलेले असते: मुलीने आईशी प्रेमाने बोलावे. बहुतेक मराठी घरांत आईला ‘तू’ म्हणतात, सासूला ‘तुम्ही’. वडिलांचे घराघरांत वेगळे, आणि गेल्या दोन पिढ्यांत ‘अहो बाबा’चे ‘ए बाबा’ झालेली घरे कितीतरी. म्हणजे पडद्यावरच्या मुलीने ‘तुम्ही थकला असाल ना’ म्हटले, की प्रेक्षक तिला सूनच समजणार. हा विचार कॉपी लिहिण्याच्या नव्हे, तर पात्र ठरवण्याच्या टप्प्यावर व्हायला हवा. तो तिथे करू शकेल असा माणूस गटात बसलेला असतो, पण त्याच्याकडे मजकूर येतो तो गोष्ट ठरून, चित्रीकरण झाल्यावर, ओठांच्या हालचालीशी जुळणारे मराठी शब्द बसवायला.

मग हीच मुले मराठी कॉपी लिहायला का जात नाहीत, असे विचारले की उत्तर पैशात मिळते. नामवंत संस्थांत दोन वर्षांचे शुल्क दहा लाखांच्या वर आहे, काही ठिकाणी वीस लाखांच्याही पुढे. मध्यमवर्गीय घर त्यासाठी कर्ज काढते. जाहिरातसंस्थेत नव्याने लागणाऱ्याचा पगार साबण-शाम्पूच्या कंपनीत किंवा तंत्रज्ञान कंपनीत लागणाऱ्यापेक्षा पुष्कळच कमी असतो, आणि भाषेच्या कॉपीरायटरचा त्याहून कमी. दुसऱ्या वर्षी संस्थेत नोकरभरतीचे दिवस सुरू झाले, की पहिल्या वर्षी कविता वाचणारी, नाटकांत कामे करणारी मुले कोट घालून विक्री विभागाच्या रांगेत दिसतात. हप्ता सुरू व्हायला थोडेच महिने उरलेले असतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्याचे घर ए-१ मध्ये आहे तो कमी पगाराच्या कामात दोन वर्षे काढू शकतो, आणि म्हणून जाहिरात लिहिणारे लोक बहुतेक त्याच घरांतून येत राहतात. अपवाद आहेत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

मराठी मजकुराचे काम त्यामुळे संस्थेबाहेर जाते. घरून काम करणारे अनुवादक ते करतात, मोबदला शब्दामागे ठरतो. शब्दामागे पैसे असले की वाक्य छोटे करण्यात नुकसान आणि विचार करण्यात त्याहून मोठे. हे काम मीही काही काळ केले आहे. मजकूर संध्याकाळी येई आणि सकाळी हवा असे, वस्तू कोणती हे कधी कधी सांगितलेलेही नसे.

पहिले वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात मुले एखाद्या कंपनीत किंवा जाहिरातसंस्थेत उमेदवारीला जातात. मोठ्या सणांची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते, म्हणून मे महिन्याच्या उन्हात त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा दिवाळीचा डेक येतो. गेल्या वर्षी एका मुलीने मला तिने केलेला तसा डेक दाखवला, कंपनीचे नाव झाकून. चाळीस पाने होती. पणत्या होत्या, गळाभेट घेणारी कुटुंबे होती, मिठाईचे खोके होते. फराळ नव्हता, अभ्यंगाची पहाट नव्हती, किल्ला नव्हता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘किल्ल्याचं पान मी घातलं होतं, पण ते फक्त महाराष्ट्रात चालेल म्हणून काढलं.’ अडतिसाव्या पानावर प्रादेशिक भाषांचा तक्ता होता. मराठीच्या रकान्यात एकच शब्द होता: अनुवाद.